अंटार्क्टिकाचे विमान थांबते, ते कोणाच्या हलगर्जीपणामुळे नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

माझा मुलगा अंटार्क्टिकावरील ‘मैत्री’ या भारतीय संशोधन केंद्रात जनित्रांची देखभाल करण्यासाठी निघाला असून, हवामान निवळण्याची वाट पाहत गेले नऊ दिवस केपटाऊनमध्ये थांबला आहे. ढिसाळ नियोजनामुळे खानापूरचा तरुण परदेशात अडकला, अशा आशयाची बातमी एका दैनिकात आली आणि तेव्हापासून बाजारात, बसस्थानकावर भेटेल तो काळजीने तेच विचारतो. लोकांची आपुलकी मला कळते. परंतु बातमीतील ठपका चुकीचा आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

केपटाऊनपासून ‘मैत्री’जवळच्या नोवो धावपट्टीपर्यंतचे अंतर सुमारे ४२०० किलोमीटर असून इल्युशिन मालवाहू विमानाला साधारण सहा तास लागतात. पावसाळ्यात बेळगावच्या सांबरा विमानतळावर ढग उतरले तर विमान हुबळीला किंवा गोव्याला वळवता येते. दक्षिण महासागरावर अशी सोय कोठेच नाही. त्यामुळे निघतानाचे हवामान चांगले असून भागत नाही, सहा तासांनी तेथे काय असेल याची खात्री करावी लागते. ती धावपट्टीही डांबराची नाही, कठीण निळ्या बर्फाची आहे. आतल्या उंच पठारावरची थंड, जड हवा उताराने किनाऱ्याकडे वाहू लागली की वारा पिसाटतो आणि सुटा बर्फ उडून समोरचे दिसेनासे होते. त्याहून फसवी स्थिती आभाळ भरून आल्यावर येते: सावल्या नाहीशा होतात, खालचा आणि वरचा पांढरा रंग एक होतो आणि डोळ्यांना चढउतार कळत नाहीत. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी न्यूझीलंडचे प्रवासी विमान अंटार्क्टिकावरील एरेबस पर्वतावर आदळून त्यातील सर्व २५७ जण मृत्यू पावले. मार्गाच्या नोंदीत केलेला बदल वैमानिकांना कळवला गेला नव्हता, हे त्यामागे होतेच. पण ऐन समोरचा पर्वत त्यांना दिसला नाही, तो याच पांढऱ्या आभासामुळे.

ही घटना वाचल्यापासून ‘आज उड्डाण नाही’ हा मुलाचा निरोप आला की आम्हा दोघांना उलट धीर येतो. १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहून जहाजाने निघालेली पहिली भारतीय मोहीम ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे पोहोचली होती. त्यापुढे नऊ दिवसांचे काय घेऊन बसायचे?

या मोहिमा आखणारी राष्ट्रीय संस्था आपल्या शेजारी, वास्कोला आहे. अशी बातमी छापण्यापूर्वी वार्ताहरांनी तेथे विचारणा करावी आणि विलंबाचे कारण बातमीतच द्यावे, एवढी माझी विनंती आहे. काल रात्री मुलाचा फोन आला होता. सामान बांधून तयार आहे आणि पुढची सूचना उद्या सकाळी मिळणार आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, खानापूर (जि. बेळगाव)