नवी प्रजाती ठरते कशावरून?

महोदय,

लाकूड खाणाऱ्या झुरळाच्या नव्या प्रजातीची बातमी आपल्या अंकात चौकटीत आली, तीही ‘आता याच्यासाठी वेगळी चप्पल घ्यायची का?’ अशा शेऱ्यासह. थट्टेला हरकत नाही. पण ही प्रजाती नवी कशावरून ठरली, याचं एक वाक्य तरी हवं होतं. खरी बातमी तीच.

अशाच लाकूड खाणाऱ्या झुरळांचं जुनं उदाहरण घ्या. अमेरिकेच्या पूर्वेकडील ॲपलाचियन डोंगरांत, कुजणाऱ्या ओंडक्यांच्या आत क्रिप्टोसर्कस नावाचं बिनपंखी झुरळ राहतं. कीटकशास्त्रज्ञ स्कडर यांनी 1862 साली त्याचं वर्णन केलं आणि पुढे शंभराहून अधिक वर्षं तिकडची ही सगळी झुरळं एकाच प्रजातीत मोडली. बाहेरून पाहून फरक कळणं कठीणच. मग सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजली, तर नरांत ती कुठे 37, कुठे 47 भरली. (आकडा विषम, कारण नराला एक्स गुणसूत्र एकच असतं आणि त्याच्या जोडीला वाय नसतं.) डीएनएची जोड मिळाली आणि 1999 मध्ये एकीच्या चार प्रजाती झाल्या. ओंडके तेच, झुरळंही तीच. ‘सापडलं’ असं त्यात काहीच नव्हतं.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर मात्र आपली बातमी वाचून पेस्ट कंट्रोलची चौकशी सुरू झाली. क्रिप्टोसर्कस कुणाच्या कपाटाच्या वाटेला जात नाही. दाराच्या चौकटी आणि पुस्तकं फस्त करणारी वाळवी ही मात्र त्याची अगदी जवळची भावकी. या झुरळाला लाकूड पचतं ते आतड्यातल्या एकपेशीय जिवांच्या जिवावर, हे जीवशास्त्रज्ञ क्लीव्हलंड यांनी 1934 सालीच दाखवलं. वाळवीच्या जुन्या घराण्यांतही तोच प्रकार. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांच्या पोटात हे जीव नसतात. आईबापांच्या गुदद्वारातून येणारा द्रव पिऊन ती ते मिळवतात. वाचून किळस येईल, पण यासाठी पिल्लांना आईबापांजवळ राहणं भागच पडतं. जोडपं आयुष्यात एकदाच पिल्लं काढतं आणि मरेपर्यंत, तीनेक वर्षं, त्यांच्यासोबत त्याच ओंडक्यात राहतं. वाळवीच्या वसाहतींचं मूळ अशाच कुटुंबात असावं, असं अनेक कीटकशास्त्रज्ञ मानतात. 2007 मध्ये तर डीएनएच्या आधारे वाळवीचा वेगळा गण (वर्गीकरणातला मोठा गट) मोडून तिला झुरळांतच घालावं, असं संशोधकांनी सुचवलं. एवढा मसाला हाताशी असताना चपलेवर वेळ का घालवावा?

यापुढे अशा बातमीत किडा कोणत्या लाकडात मिळाला, जवळच्या प्रजातीपासून कशाने वेगळा ठरला आणि मूळ नमुना कोणत्या संग्रहालयात ठेवला, एवढं तरी छापावं. शेवटची बाब क्षुल्लक वाटेल. पण प्रजातीचं नाव त्या एका नमुन्याला बांधलेलं असतं; पुढे कुणी शंका काढली, तर ताडून पाहायला तोच लागतो.

आपला,
एक वाचक, सातारा