'कोणासाठी' गेला रे, मन्या

प्रिय मन्या,

तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. पत्र एकाच कारणासाठी लिहितोय. सोमवारी आपल्या विज्ञानलेखांच्या प्रकाशनाचं कॅलेंडर उघडलं तर 'कोणासाठी' हा रकाना गायब! तारीख, शीर्षक, लेखक, सद्यस्थिती सगळं जागेवर, आणि त्याच्या जागी हिरव्या रंगात 'कीवर्ड'. दीपाला विचारलं. ती म्हणाली, "तो कोणी वाचतच नव्हतं, उगाच जागा अडवत होता." तिच्यावर राग नाही. नवी मंडळी मनापासून राबतात, तीन महिन्यांचं नियोजन एका दुपारीत उरकतात. आपण एका आठवड्याचं ठरवताना अबोला धरायचो. पण तो रकाना गेल्याने मला काय झालं, हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

तुझा नियम आठवतो ना? 'सर्व वाचक' लिहिलं की लेख परत. 'विज्ञानप्रेमी' लिहिलं तरी परत. एक माणूस डोळ्यांसमोर आणायचा आणि त्याच्याबद्दल एक वाक्य लिहायचं. शिऱ्याने वैतागून 'मन्यासाठी' असं लिहिलं, आणि तू तोही लेख परत पाठवलास!

आता काय झालंय बघ. 2 ऑगस्ट 2027 चं खग्रास सूर्यग्रहण. इजिप्तमधल्या लक्सरजवळ सहा मिनिटांहून जास्त काळ खग्रास स्थिती, म्हणजे आपल्या वाचकांना पर्वणीच. 'ग्रहण सुरक्षितपणे कसं पाहावं' हा लेख मंडळींनी लावलाय 2 ऑगस्टला सकाळी. का, तर ग्रहण त्या दिवशी आहे म्हणून. जुन्या रकान्यात तिथे असतं, 'वर्गातल्या मुलांसाठी चष्मे मागवणाऱ्या शिक्षिकेसाठी'. हे वाक्य लिहिलं की तारीख आपोआप मागे सरकते. चष्म्यावर आयएसओ 12312-2, म्हणजे सूर्य पाहायच्या चष्म्यांचं सुरक्षा मानक, लिहिलंय का ते तपासायचं, मागवायचे, यायची वाट पाहायची, पालकांना चिठ्ठी द्यायची. लेख जूनमध्येच हवा. चित्रं त्याआधी, मजकूर तपासून व्हायचा त्याच्याही आधी. ग्रहणाच्या सकाळी तो वाचून ती बाई काय करणार?

आणि अपोफिस. हे वाचून तू उठून बसशील. 13 एप्रिल 2029, शुक्रवार. लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून जेमतेम 32,000 किलोमीटरवरून जाणार, म्हणजे भूस्थिर उपग्रहांच्याही आतून. आदळणार नाही, पुढची निदान शंभर वर्षं धोका नाही, हे नासाने 2021 मध्येच सांगितलंय. पण आमच्या कॅलेंडरात कीवर्ड काय, तर 'अपोफिस टक्कर', आणि शीर्षक त्यालाच साजेसं. लोक तेच शब्द शोधणार हे खरं. कीवर्डवर माझा राग नाही, लोक कोणत्या शब्दांनी विचारतात ते त्यातून कळतं. विचारणारा कोण आणि कोणत्या मनःस्थितीत, ते कळत नाही. तू असतास तर लिहिलं असतंस, 'कोणाच्या तरी फोनवर व्हिडिओ पाहून रात्री झोप न लागलेल्या दहा वर्षांच्या मुलासाठी'. मग पहिल्याच ओळीत 'आदळणार नाही' आलं असतं, शीर्षकातली टक्कर गेली असती, आणि लेख अफवा उठायच्या आधी, मार्चमध्येच लागला असता. एका वाक्याने तारीख, शीर्षक आणि पहिली ओळ ठरते. तो रकाना जागा अडवतो म्हणे!

शुक्रवारही भरून टाकलेत. अचानक काही घडलं तर हाताशी असावा म्हणून तू तो वार मोकळा ठेवायला लावायचास. आता कोरा चौकोन दिसला की त्यात दिनविशेष जाऊन बसतो.

दीपाचं एक मात्र मान्य करावंच लागेल. जुन्या लेखांना 'पुन्हा तपासा' अशी तारीख तिने लावली, ते आपल्याला कधी सुचलं नव्हतं. पहिल्याच फेरीत शनीचे चंद्र सापडले. आपला लेख 2019 चा, त्यात 82. मार्च 2025 मध्ये आकडा 274 वर गेलाय! ही पोरगी हुशार आहे, म्हणून तर जास्त लागतं.

तुझी हॅलीच्या धूमकेतूची ओळ सुखरूप आहे. 28 जुलै 2061, लेखक मन्या, सद्यस्थिती 'कल्पना', शेरा 'जगलो तर नक्की देतो'. नव्या पोरांना वाटलं कोणी तरी तारीख चुकवलीय. मी पुसू दिली नाही. खर्डा कधी देतोयस?

आणि हो, चंद्रग्रहणाचा तो लेख सकाळी नऊऐवजी दुपारी अडीचला लागला, त्यावरून तू अजून मला बोलतोस असं शिऱ्या सांगत होता. यंत्रणेचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होतं, आपण साडेपाच तास पुढे. नऊ अधिक साडेपाच किती होतात ते बोटांवर मोज आणि मला सोड. 'हाताने टाकू' म्हणणारा मी होतो, 'वेळ लावून झोपू' म्हणणारा तू. यावर मी मरेपर्यंत भांडणार आहे.

तुझी नवी नोकरी कशी? आईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन व्यवस्थित झालं, एवढं वहिनींच्या मेसेजवरून कळलं. धाकट्याची परीक्षा संपली असेल. सविस्तर लिही.

आता मुद्द्याचं. गुरुवारी बैठक आहे. रकाना परत आणायचा प्रस्ताव मी मांडतोय, कीवर्डच्या शेजारी, त्याच्याऐवजी नाही. माझ्या बोलण्याला ते मान देतील, पण 'जुन्या माणसांचा जुना जीव' म्हणून विषय पुढे ढकलतील. त्यांना परत आलेले लेख दाखवायचेत, तुझ्या शेऱ्यांसकट. ती मूळ शीट तुझ्याकडेच आहे ना? बुधवारपर्यंत पाठव. आणि जमलं तर दहा मिनिटं व्हिडिओवर ये. अपोफिसचं तूच सांग, मी चिडून बोलेन. नवी शीट तुझ्या जुन्या ईमेलवर उघडून दिलीय, फक्त वाचायला. काही बदलायला जाऊ नकोस, होणार नाही.

तुझा,
विज्या