यंदाचा पाऊस बाटलीत भरून ठेवा

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

पत्र लांबणार आहे, सवडीने वाचा. परिषदेत मी नक्की काय मांडणार, हे बाबांनी विचारलं होतं. ते फोनवर सांगण्याजोगं नाही. शिवाय मृग लागायच्या आत तुमच्याकडे माझं एक काम आहे.

नांदूरमधमेश्वरपासूनच सांगते. चापडगावच्या मनोऱ्यावरून आपण दर हिवाळ्यात बदकं पाहत आलो, थापट्या, तलवार बदक, चक्रवाक. 2020 मध्ये त्या पाणथळीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा जाहीर झाला, महाराष्ट्रात पहिल्यांदाच. ही पाखरं उत्तरेकडून येतात हे आपल्याकडे शाळेतलं पोरही सांगेल. पण समोर उतरलेलं हे एक बदक कुठल्या तळ्याकाठी वाढलं, हे कोणाला सांगता येत नाही. पायात कडी घालून सोडलेल्या पक्ष्यांपैकी फार थोडे पुन्हा हाती लागतात. पाठीवर बसवायची यंत्रं महाग, ती किती पक्ष्यांना बसवणार? मी हे उत्तर पिसात शोधते.

पाण्यातला हायड्रोजन सगळा एका वजनाचा नसतो. समुद्राच्या पाण्यात साधारण 6,400 अणूंमागे एक अणू दुप्पट जड असतो. हॅरोल्ड युरी यांनी तो 1931 मध्ये शोधला आणि 1934 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आई, हा अणू किरणोत्सर्गी नाही, त्याने काहीही अपाय होत नाही, तू काळजी करू नकोस. ढग समुद्रावरून आत सरकतो, डोंगर चढतो, थंड प्रदेशात जातो, तेव्हा हा अणू असलेलं जड पाणी आधी पडून जातं आणि उरलेला ढग हलका होत जातो. म्हणून सैबेरियातल्या पावसात जड-हलक्याचं प्रमाण वेगळं आणि कोकणातल्या पावसात वेगळं. त्या पाण्यावर गवत वाढतं, किडे वाढतात, ते बदक खातं आणि त्याचं पीस तयार होतं. एकदा वाढ पुरी झाली की पिसात नवं काही भरलं जात नाही. बदक हजारो किलोमीटर उडून गोदावरीत उतरलं तरी पिसात उत्तरेतलं तेच पाणी राहतं.

पण पीस कुठलंही चालत नाही. अंगावरची मऊ पिसं वाटेत किंवा इथे आल्यावरही बदललेली असू शकतात. पंखातली मोठी पिसं बदकं विणीनंतर तिकडेच एकदम गाळतात, काही आठवडे त्यांना उडताही येत नाही, आणि नवी येतात ती तिथल्याच पाण्यावर. तेवढीच मी घेते. ती उचलायलाही वन खात्याची परवानगी लागते, ती मी काढली आहे. तुम्ही मात्र फिरायला गेलात तर माझ्यासाठी वेचून आणू नका.

लॅबमध्ये पिसावरचं तेल धुऊन काढायचं, टोकाकडचा एक बारीक तुकडा कापायचा, मिलिग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, आणि चांदीच्या पत्र्याच्या डबीत चिमट्याने बंद करायचा. ज्वारीच्या दाण्याहून लहान गोळी होते. ती जवळपास 1,400 अंशांच्या भट्टीत पडते, हायड्रोजनचा वायू सुटतो आणि यंत्र जड-हलक्याचं प्रमाण सांगतं. पिसातला थोडासा हायड्रोजन हवेतल्या दमटपणाशी अदलाबदल करत राहतो, म्हणून दर खेपेला ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असे नमुने सोबत ठेवावे लागतात. हे काम मला मनापासून आवडतं. तासन्‌तास एका जागी बसूनही कंटाळा येत नाही.

याच पद्धतीने 1998 मध्ये लेन वासेनार आणि किथ हॉबसन या कॅनडातल्या संशोधकांनी मोनार्क फुलपाखरांचा माग काढला. मेक्सिकोच्या डोंगरात थंडी काढणाऱ्या त्या फुलपाखरांपैकी निम्म्याच्या आसपास अमेरिकेच्या मध्य-पश्चिम पट्ट्यात जन्मलेली निघाली. असा जड-हलक्या अणूंवरून माग काढणाऱ्यांची, म्हणजे आमच्या विषयाची, परिषदही त्याच वर्षी कॅनडातल्या सॅस्कटूनला पहिल्यांदा भरली. तिथे बदकवाले, मासेवाले, मधमाशीवाले, मातीवाले सगळे एकत्र येतात. मधात उसाची साखर मिसळलेली असली तर ती कार्बनवरून पकडता येते, कारण कार्बनचेही जड आणि हलके अणू असतात. ऊस, मका, बाजरी, ज्वारी जड कार्बन थोडा जास्त घेतात. गहू, भात, कांदा, द्राक्षं कमी. आपल्या उसातल्या बिबट्याच्या केसावरूनही विचारता येईल की तो जगतो कशावर, रानातल्या पालाखाऊ जनावरांवर की बाजरीच्या भाकरीवर वाढलेल्या वस्तीवरच्या कुत्र्यांवर. हा प्रश्न मला तिथे लोकांसमोर मांडायचाच आहे.

आता तुमच्या कामाचं. पीस मोजून एक आकडा हाती येतो. तो आकडा कुठल्या मुलखाचा, हे पावसातल्या जड-हलक्या प्रमाणाचा नकाशा असला तरच कळतं. आणि नकाशा तयार होतो तो महिन्यामहिन्याला पाऊस साठवून ठेवणाऱ्या माणसांमुळे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना यांनी 1960 मध्ये हे जाळं सुरू केलं, त्यात दिल्लीची कित्येक दशकांची नोंद आहे. मोठमोठ्या शोधांना नावं मिळतात, पण रोज उठून बाटली भरणारा नसेल तर त्यातला एकही उभा राहत नाही. बाबा, तुम्ही मी शाळेत होते तेव्हापासून सकाळी साडेआठला पर्जन्यमापक बघून वहीत मिलिमीटर लिहीत आलात. लोक विचारायचे, सरकार काय देतं याचं? तुम्ही काही न बोलता लिहीत राहिलात. ती वही माझ्या दृष्टीने फार मोलाची आहे, आणि आता तिच्या जोडीला पाणीही हवं आहे.

आपल्याकडे हे आणखी एका कारणाने हवं. इगतपुरी-त्र्यंबकला ढग रिकामा होऊन निफाडकडे येतो, म्हणजे आपला पाऊस हलका असायला हवा. पण कोरड्या हवेतून पडताना थेंब वाटेतच थोडा उडून जातो आणि उरलेला जड होतो. दोन्हीतलं कोणतं भारी पडतं, ते मोजल्याशिवाय कळायचं नाही. धरणात साठून उन्हात तापलेल्या पाण्याची तऱ्हा आणखी वेगळी. त्यामुळे विहिरीला पाणी पावसाचं की कालव्याच्या पाझराचं, हा तुमचा आणि शेजारच्या अण्णांचा जुना वादही यातून बराचसा सुटेल. विहिरीची एक बाटली दर अमावस्येला भरा.

कॅन आणि लहान बाटल्या कुरियरने पाठवते आहे. सकाळी वहीत लिहून झालं की मापकातलं पाणी कॅनमध्ये ओता आणि बूच लगेच घट्ट लावा. उघडं राहिलं तर हलकं पाणी आधी उडतं आणि सगळा हिशेब बिघडतो. कॅन उन्हात नको, जिन्याखाली ठेवा. महिनाअखेर कॅन हलवून लहान बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडासुद्धा राहू द्यायचा नाही. चिकटपट्टी लावून महिना लिहा. घरातल्या तेलाच्या, रॉकेलच्या बाटल्या धुऊनही वापरू नका. गुडघे दुखत असतील त्या दिवशी अंगणात उतरू नका, गड्याला सांगा, फक्त वेळ चुकू देऊ नका.

आई, तुझ्याकडूनही हवं आहे. फणीत आलेले लांब केस कागदात गुंडाळून ठेव, मुळाकडची बाजू कुठली तेवढी खूण कर. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तू थंडीत बाजरी खातेस आणि उन्हाळ्यात पोळ्यांवर येतेस, ते केसाच्या लांबीवर दिसतं का, हे विद्यार्थ्यांना दाखवायचं आहे. माझा केस मी शेजारी ठेवणार आहे, इथे पुण्यात माझं सगळं गव्हातांदळावरच चालतं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मी परतल्यानंतरचीच घ्या. डॉक्टर घाई करत नसतील तर श्रावणात करू, मी आठवडाभर रजा टाकून येते. डोळ्यात थेंब घालायला कोणीतरी घरात हवं, आणि ते मीच करणार. बाबांची बीपीची गोळी संपत आली असेल, तीही कुरियरमध्ये टाकते.

तुमची,
सुजाता

ता. क. कॅनवर मे लिहिलेली चिठ्ठी आहे, ती काढून टाका. वळवाचा पाऊस झालाच तर तोही भरा, पण वेगळ्या बाटलीत.