शेशबस्सरची पोचपावती

प्रिय एलिजा,

सप्रेम नमस्कार. पत्र मिळालं. नातू तुझ्या हिब्रू उच्चारांना हसतो हे वाचून मनापासून बरं वाटलं. अलिबागला तू आम्हा सगळ्यांच्या इंग्रजीला हसायचास, त्याची फेड होतेय म्हणायची. पण पत्राच्या शेवटी ‘तू सगळी हयात भांडारात काढलीस, बायबलातल्या एज्राच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातली मंदिराच्या भांड्यांची यादी जरा तपासून दे’ असं जे काम लावलंस, ते मी जरुरीपेक्षा जास्त मनावर घेतलंय. तेव्हा आता भोग.

निकाल आधी सांगतो: बेरीज जुळत नाही. सोन्याची तबकं 30, चांदीची 1000, सुऱ्या 29, सोन्याचे कटोरे 30, दुसऱ्या प्रतीचे चांदीचे कटोरे 410 आणि इतर भांडी 1000. माझी बेरीज 2499. तुझ्या शास्त्रकाराने खाली ओढलीय 5400. तफावत 2901 नगांची. आमच्याकडे एवढ्या तफावतीला निलंबनच झालं असतं. कोणी म्हणतात नकला करताना मधल्या ओळी गळाल्या, कोणी म्हणतात यादीत फक्त ठळक वस्तू आहेत. एज्राची ग्रीकमध्ये जी वेगळी पोथी आहे तिच्यातही हीच यादी आहे, पण आकडे निराळे, आणि एकूण 5469. ती मी दोनदा मोजली. एक नगही इकडचा तिकडे नाही. एलिजा, डेडस्टॉक रजिस्टर असं तंतोतंत जुळलं की तपासनीस आधी शाई बघतो. मला तरी वाटतं, मागाहून कोणा सज्जनाला बेरीज सहन झाली नाही आणि त्याने आकडे बसवून दिले.

मात्र त्या 29 सुऱ्यांवर माझा पूर्ण विश्वास बसला. तीस नाहीत, एकोणतीस. ग्रीक पोथीत त्यांची चांदीची धुपाटणी झालीत, तरी आकडा 29च राहिलाय. रचून सांगणारा माणूस गोल आकडा सांगतो. एकोणतीस सांगणाऱ्याने तिसावी शोधलेली असते.

आता ही यादी कोणी कोणाला दिली ते बघ. देणारा मिथ्रदाथ, इराणच्या कोरेश (सायरस) राजाचा खजिनदार. घेणारा शेशबस्सर, ‘यहूदाचा सरदार’. कोरेशाने इ.स.पू. 539 मध्ये बाबेल (बॅबिलॉन) घेतलं आणि वर्षभरात यहूद्यांना परत जायची मोकळीक दिली. बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने पूर्वी यरुशलेमच्या (जेरुसलेमच्या) मंदिरातून लुटून आपल्या देवाच्या घरात ठेवलेली भांडी बाहेर काढून मिथ्रदाथाने ती शेशबस्सरला मोजून दिली. पुढे एकच वाक्य आहे, शेशबस्सरने हे सगळं बाबेलहून यरुशलेमला आणलं. झालं! फरात (युफ्रेटिस) नदीच्या काठाकाठाने वर जाऊन मग खाली उतरायचं, म्हणजे महिनोन्‌महिन्यांची वाट. पुढे ज्याच्या नावाचं हे पुस्तक तो खुद्द एज्रा त्याच रस्त्याने गेला तेव्हा त्याला चार महिने लागले. त्याच्या प्रवासाचं मात्र सविस्तर वर्णन आहे. राजाकडे शिपाई मागायची लाज वाटली म्हणून उपास केले, बारा याजकांना सोनंनाणं वजन करून दिलं, पोचल्यावर परत वजन करून लिहून घेतलं. शेशबस्सरने वाटेत काय केलं, रात्री पहाऱ्याला कोण होतं, ओझी कशावर होती, काही नाही. माल पोचला, एवढंच.

भांड्यांचं एवढं काय, असं मला आधी वाटलं होतं. मग उमगलं. मला वाटतं 2014 उजाडलं होतं, कोरेशाचं ते मातीचं सिलिंडर ब्रिटिश म्युझियमहून मुंबईत आलं होतं, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. मी मुद्दाम जाऊन बघून आलो. वीतभर लांबीचं, मधे फुगीर, मुंग्यांच्या रांगांसारखी बारीक अक्षरं, एका बाजूचा तुकडा उडालेला. 1879 मध्ये बाबेलच्या अवशेषांत सापडलं म्हणे. त्यात कोरेश सांगतो की अमुक अमुक गावांचे देव मी त्यांच्या त्यांच्या ठिकाणी परत बसवले. अश्शूर, शूशन वगैरे नावं आहेत. यरुशलेमचं नाव नाही, यहूद्यांचंही नाही. तिथल्या पाटीवर मात्र तुम्हा यहूद्यांच्या परतीचा उल्लेख होता. तर राजाचा शिरस्ता असा की ज्याची मूर्ती त्याला परत. तुमच्याकडे मूर्तीच नाही! मग परत काय द्यायचं? भांडी. इतरांच्या मिरवणुकीत देव असतील, शेशबस्सरच्या काफिल्यात वाट्या, तबकं आणि सुऱ्या होत्या. म्हणून ती मोजणी इतकी जपून लिहिलीय. ती यादी म्हणजे त्यांच्या लेखी जवळजवळ देवाच्या परतीचीच नोंद होती.

आणि ह्याच भांड्यांवरून आधी केवढं रण माजलं होतं ते यिर्मयाच्या पुस्तकात आहे. हनन्या नावाचा एक संदेष्टा भर मंदिरात सांगत होता की दोन वर्षांत सगळी भांडी परत येतात बघा. यिर्मया म्हणत होता, नाही, तिकडेच राहतील, देवाच्या मनात येईल तेव्हा येतील. हनन्या त्याच वर्षी मेला. भांडी यायला पुढे अर्धं शतक गेलं. म्हणजे जो माणूस ती घेऊन वेशीत शिरला, त्याचं केवढं स्वागत व्हायला हवं होतं!

पान उलट. दुसऱ्या अध्यायात परतलेल्यांची यादी आहे. माणसं 42,360, दासदासी 7,337, घोडे 736, खेचरं 245, उंट 435, गाढवं 6,720. सुरुवातीला पुढाऱ्यांची नावं आहेत, जरुब्बाबेल, येशूवा, नहेम्या, सराया, रएलाया, मर्दखय, बिलशान, मिस्पार, बिग्वई, रहूम, बाना. (नहेम्याच्या पुस्तकात हीच यादी पुन्हा येते तेव्हा नहमानी नावाचा आणखी एक वाढतो.) गाढवांची मोजदाद आहे, पण शेशबस्सर नाही. मागच्याच पानावर पाच हजार भांड्यांचा चार्ज घेतलेला माणूस या पानावर गायब. तिसऱ्या अध्यायात मंदिराचा पाया घालतात. तिथे जरुब्बाबेल आणि मुख्य याजक येशूवा. कर्णे वाजतात, झांजा वाजतात, पहिलं मंदिर पाहिलेली म्हातारी माणसं मोठ्याने रडतात आणि रडण्याचा आवाज कुठला, जल्लोषाचा कुठला, हे लोकांना कळेनासं होतं. पुस्तकातला सगळ्यात सुंदर प्रसंग आहे तो. तिथेही आपला माणूस नाही. जखऱ्या संदेष्टा तर स्पष्ट म्हणतो की जरुब्बाबेलच्या हातांनी पाया घातला, त्याचेच हात पुरं करतील. तुमच्या हनुक्का सणाच्या गाण्यातही जरुब्बाबेलच येतो ना? राजा दावीदच्या वंशातला, यहोयाखीन राजाचा नातू. नाव गाण्यात बसणारच.

यावर तुमच्या पंडितांनी काढलेल्या वाटा मी वाचल्या. शेशबस्सर आणि जरुब्बाबेल एकच, असं एक जुनं मत आहे. मला ते मुळीच पटत नाही, कारण दोन्ही नावं बाबेली वळणाचीच आहेत, एकाच माणसाला तसली दोन नावं कशाला हवीत? दुसरं मत असं की यहोयाखीनच्या मुलांमध्ये शेनस्सर म्हणून एक आहे, तोच हा, म्हणजे जरुब्बाबेलचा काका. हे गोड आहे, पण नावातल्या साम्यापलीकडे त्याला आधार नाही. असो. माणूस कोणाचा कोण हे सुटत नाही आणि माझं त्यावाचून अडतही नाही.

माझी गोष्ट पाचव्या अध्यायात आहे. अठरा वर्षं उलटलीत. इराणच्या दारयावेश (डॅरियस) राजाचं दुसरं वर्ष, म्हणजे इ.स.पू. 520. हाग्गय आणि जखऱ्या या संदेष्ट्यांनी टोचून टोचून बांधकाम पुन्हा सुरू करायला लावलंय. तेवढ्यात फरात नदीपलीकडच्या सुभ्याचा अधिकारी तत्तनइ पाहणीला येतो. हा खराखुरा अधिकारी बरं का. त्याच्या नावाची इ.स.पू. 502 ची एक मातीची पाटी सापडलीय. तो अगदी सरकारी प्रश्न विचारतो. बांधायची परवानगी कोणी दिली? आणि तुमच्यातल्या प्रमुखांची नावं काय, लिहून घ्यायचीत.

आता जरुब्बाबेल तिथेच आहे, हातात काम चालू आहे. पण तत्तनइने राजाला पाठवलेलं पत्र जसंच्या तसं पुस्तकात दिलंय, ते वाच. नावं मागितली असं त्यात लिहिलंय. वडीलधाऱ्यांचं उत्तर लांबलचक आहे; आमच्या पूर्वजांनी देवाला राग आणला, नबुखद्नेस्सराने मंदिर पाडलं, कोरेशाने हुकूम दिला. जरुब्बाबेलचं नाव नाही. येशूवाचं नाही. यहूद्यांपैकी त्या अख्ख्या पत्रात एकच नाव आहे. कोरेशाने भांडी शेशबस्सर नावाच्या माणसाकडे दिली, त्याला सुभेदार नेमलं, भांडी घेऊन जा आणि मंदिर जागच्या जागी बांध म्हणून सांगितलं, तेव्हा त्या शेशबस्सरने येऊन पाया घातला.

मी हे वाचून खुर्चीवरून उठलो. गाण्यातला माणूस समोर उभा असताना म्हाताऱ्यांनी चौकशीत नाव घेतलं ते यादीतल्या माणसाचं! पाया कोणी घातला ह्यावर पंडितांनी पानंच्या पानं खर्ची घातलीत, तिसरा अध्याय खरा की पाचवा. मला तर दोन्ही खरे वाटतात. पायाचा मान कोणाला द्यायचा हे लोक ठरवतात, पण परवानगी कोणाच्या नावावर आहे हे दप्तर ठरवतं. राजाने नेमलेला, राजाच्या खजिनदाराकडून माल मोजून घेतलेला माणूस शेशबस्सर. दावीदच्या वंशजाचं नाव इराणी अधिकाऱ्यापुढे घेणं तर उलट जोखमीचं. राज्यभर दंगे होऊन नुकतेच कुठे शमले होते, आणि हाग्गय तर उघड म्हणत होता की देव जरुब्बाबेलला आपली मुद्रेची अंगठी करणार. असल्या माणसाचं नाव अहवालात जाऊ देतात का कोणी? म्हाताऱ्यांनी ते शिताफीने गाळलं, असं मी समजतो. ग्रंथात तसं लिहिलेलं नाही, पण माझी हयात असल्या उत्तरांचे मसुदे करण्यात गेलीय.

त्यांची पुढची ओळ तर अस्सल. ‘तेव्हापासून आजपर्यंत काम चालूच आहे, अजून पुरं झालेलं नाही.’ चालूच आहे! आधीचा अध्याय सांगतो की दारयावेशच्या दुसऱ्या वर्षापर्यंत काम बंद पडलं होतं. पण बंद पडलं म्हणावं तर नवी परवानगी लागणार. चालू आहे म्हणावं तर जुनीच लागू. ग्रामपंचायतीच्या परवानगीवर घर बांधलेला कोणताही माणूस हे वाक्य ओळखेल.

मग शोधाशोध सुरू झाली. बाबेलच्या दप्तरखान्यात हुडकलं, आणि कागद निघाला भलतीकडेच, मेदी प्रांतातल्या अखमथाच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या इराणातल्या हमदानला. त्यात साठ हात उंची, साठ हात रुंदी, थोर दगडांचे तीन थर, लाकडाचा एक, खर्च राजाच्या खजिन्यातून, आणि सोन्याचांदीची भांडी ज्याच्या त्याच्या जागी परत. दारयावेशने हुकूम केला की काम करू द्या, वर खर्चही द्या. म्हाताऱ्यांचं बोलणं कागदाशी जुळलं म्हणून हे झालं. भांड्यांवाचून ते कशाने जुळलं असतं सांग? आणि भांडी म्हटली की ती घेणारा आला.

तोवर तो जिवंत होता का, बाबेलला परत गेला का, यरुशलेममध्येच मातीला मिळाला, काही म्हणजे काही लिहिलेलं नाही. सबंध ग्रंथात त्याचं नाव चारदा येतं. तीनदा भांड्यांच्या संदर्भात, एकदा पायाच्या. परत न गेलेलेही पुष्कळ होते म्हणा. बाबेलच्या मुलखात ‘यहूदानगर’ म्हणावं असं एक गावच होतं, तिथल्या मातीच्या पाट्यांवर त्यांचे कर, कर्जं, बैलांचे करार सापडलेत. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच नांदले. तुझा थोरला भाऊ ठाण्यातून हलायला तयार नाही म्हणून तू चिडतोस, त्याला हे दाखवू नकोस. त्याच्या हातात कोलीत मिळेल.

मंदिर इ.स.पू. 515 मध्ये पुरं झालं, अदार महिन्याच्या तिसऱ्या दिवशी. सहाव्या अध्यायात अर्पणाचा सोहळा आहे. बैल 100, एडके 200, कोकरं 400, बोकड 12. ही बेरीज मी केली नाही, कारण एकूण दिलेलीच नाही. शेशबस्सरचं नाव तिथे नसणार हे मी धरूनच चाललो होतो. पण एलिजा, जरुब्बाबेलचंही नाही. गाण्यातला माणूसही सोहळ्याला नाही! का नाही, यावर तिकडच्या तुमच्या सिनेगॉगमध्ये कोणी जाणता असेल तर त्याला विचारून कळव. नातवाला मध्यस्थ घाल, तुझ्या उच्चारांवर माझा भरवसा नाही.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याचं काय झालं ते लिहिलं नाहीस, ते पुढच्या पत्रात पहिल्या ओळीत हवं.

तुझा,
वसंत