बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "चार वर्षं झाली, तुझ्या पीएचडीचा लोकांना उपयोग काय?" मी "होईल हो कधीतरी" म्हणून विषय बदलला. तसं करायला नको होतं. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

मी दिवसभर काय करते, हेच तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. रोपाची केसासारखी बारीक मुळं धुवायची, क्षाराच्या पाण्यात तापवून त्यांचा रंग घालवायचा, मग शाई आणि व्हिनेगरमध्ये बुडवायची. हो आई, पेनात भरतो तीच शाई! सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की मुळाच्या आत बुरशीचे निळे धागे दिसू लागतात. ही बुरशी म्हणजे रोग नव्हे. मुळं पोचत नाहीत तिथल्या मातीतून ती स्फुरद, म्हणजे फॉस्फरस हे पोषकद्रव्य, आणून रोपाला देते आणि बदल्यात साखर घेते. कोणत्या मातीत ही देवघेव चांगली चालते ते मी मोजते. ते कळलं तर खत कुठे कमी टाकून भागेल हे सांगता येईल.

गेल्या वर्षी एका प्रयोगात बुरशी घातलेली आणि न घातलेली रोपं अगदी सारखी वाढली. त्या रात्री मी खूप रडले. आई, तुला बोलले नव्हते. नंतर माती तपासली तर तिच्यात स्फुरद आधीच भरपूर निघालं. रोपाला बुरशीची गरजच पडली नव्हती. ते पान मी प्रबंधात ठेवणार आहे, कारण अशा जमिनीत बुरशीचं खत विकत घेणाऱ्याचे पैसे वाया जातील, हे कोणीतरी लिहून ठेवायला हवं.

कधी कधी उपयोग भलत्याच ठिकाणी निघतो. भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड पीएचडी करत होत्या तेव्हा अडचण लेझरची होती: झोत फार तीव्र केला की तो वाढवणारं उपकरणच खराब व्हायचं. त्यांनी आणि त्यांचे मार्गदर्शक जेरार मुरू यांनी प्रकाशाचा क्षणिक झोत 1.4 किलोमीटरच्या काचतंतूतून नेऊन आधी ताणला, मग त्याची शक्ती वाढवली आणि शेवटी पुन्हा आवळला. हे 1985 सालचं. आज चष्म्याचा नंबर घालवण्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्याचा पातळ पापुद्रा कापायला याच पद्धतीचे लेझर वापरतात. 2018 साली दोघांना नोबेल मिळालं.

आणि हे फक्त विज्ञानातच होतं असं नाही. बाबासाहेबांचा 1923 चा लंडनचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता. पुढे चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली तेव्हा मागे तो अभ्यास उभा होता. माझी खोलीतली मैत्रीण भाषाशास्त्रात आहे. अर्धांगवायूनंतर माणसाला आधी कोणते शब्द परत सापडतात, हे ती रुग्णांजवळ तासन्‌तास बसून टिपते.

नुसत्या बढतीसाठी उरकलेले प्रबंधही असतात, बाबा. ते पाहिले की मला फार वाईट वाटतं.

माझं पहिलं प्रकरण सोप्या मराठीत लिहून सोबत पाठवतेय. दोघांनी वाचा, आणि जिथे अडाल तिथे पेन्सिलने खूण करा. तेवढा भाग मी पुन्हा लिहीन.

तुमची,
लेक