सूचना: वेंगुर्ला रोडवरच्या रविवारच्या सायकल शर्यतीबाबत

मंडळी, गेल्या रविवारी सुळग्यापासून वारा तोंडावर होता आणि 8 जणांत दोघेच पुढे राबत होते. बाकीचे चाकाला चिकटून! शिनोळीजवळ शेवटच्या 200 मीटरात मात्र सगळ्यांच्या अंगात वारं. पुढच्याच्या आडोशाला 30 टक्क्यांच्या आसपास जोर वाचतो, तो कुणाच्या तरी पायांतून येतो.

यावेळी प्रत्येकानं अर्धा मिनिट पुढे राहून ओढायचं. पुढची जागा सोडताना कोपर हलवा, मागची वाहनं बघून वारा येतो त्या अंगाला सरका. पुढे येणाऱ्यानं लगेच वेग वाढवू नये (हौसेनं सगळेच वाढवतात). पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपलं चाक घुसवू नका. दम संपला तर तसं सांगा, शेवटी बसा. पण मग स्प्रिंट मारायची नाही.