घोटून दाढी

पेडणे, गोवा
मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी

प्रिय बाबू,

तुझ्या गळ्याचा फोटो मिळाला. मान वर करून, ऑफिसच्या बाथरूममधल्या पिवळ्या दिव्याखाली काढलेला. पुरळ दिसली, दोन ठिकाणी कापलेलंही दिसलं. ‘कुठला रेझर घेऊ, कुठलं क्रीम घेऊ, तू मास्तर आहेस, सांग’ असं खाली लिहिलंयस. एरवी मी ‘डॉक्टरला दाखव’ म्हणून हात झटकले असते. पण गेला महिनाभर मी याच एका विषयात बुडालो होतो. कारण ऐकून हसशील. हस, पण वहिनींना सांगू नको.

यंदाच्या जत्रेत मी तारामती केली.

आपल्या वाड्यावरची हौशी मंडळी दरवर्षी जत्रेला दशावतारी नाटक करतात, ते तुला माहीत आहेच. आमचा नेहमीचा स्त्रीपार्टी बोटीवर गेला. ऐन दिवाळीत कंपनीचं बोलावणं आलं, मग कोण थांबतो? तालमीत सगळ्यांना सगळ्यांचं पाठ असतं, त्यात माझा आवाज बारीक. ‘मास्तर, तुम्हीच उभे राहा.’ नाही म्हणेपर्यंत कुणीतरी लुगडं मापायला घेतलं होतं. अडचण एकच. माझी दाढी तू पाहिलीच आहेस. सकाळी केली तर दुपारच्या जेवणापर्यंत निळी झाक दिसायला लागते. आणि नाटक उभं राहणार रात्री बाराला, राजा हरिश्चंद्राची परीक्षा संपणार पहाटे पाचला. दाढी दिवसाला साधारण अर्धा मिलिमीटरच्या आतबाहेर वाढते. संध्याकाळी केलेली दाढी तारामती स्मशानात येईपर्यंत दीड-दोन दशांश मिलिमीटर वाढलेली असणार. म्हणजे सुरुवातच अगदी मुळापासून व्हायला हवी. घोटून दाढी. तिथून माझं संशोधन सुरू झालं.

पद्धत धाकटीने काढली. ती आता नववीत आहे, विज्ञान तिच्या अंगात शिरलंय. उजव्या गालावर एक रेझर, डाव्यावर दुसरा, कुठल्या गालावर कुठला ते तिला सांगायचं नाही. मग ती समईच्या वातीचा कापूस पिंजून दोन्ही गालांवरून हलकेच ओढायची आणि कुठे किती तंतू अडकले ते मोजायची. दर तीन तासांनी. आमची ही स्वयंपाकघरातून म्हणायची, ‘देवाचा कापूस कसल्या कामाला लावलाय बघा.’ पण बाबू, हाताला गुळगुळीत लागणारा गाल कापसाला फसवू शकत नाही.

पहिला मान वापरून फेकायच्या दोन पात्यांच्या रेझरला. पोसऱ्यावर, म्हणजे आपल्या वाण्याच्या दुकानात मिळणारा, हलका. तो वाईट नाही. पण हलका असल्यामुळे आपण नकळत दाबतो, आणि दाबलं की कातडी पात्यापुढे फुगते. कापूस अडकला, हनुवटीखाली सर्वांत जास्त.

मग म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला गेलो होतो तेव्हा पाच पात्यांचा भारीतला घेतला. पैसे देताना हात थरथरला, कारण त्याच्या एका कार्ट्रिजच्या पैशांत साध्या पात्यांची वर्षभराची बेगमी होते. पहिल्या दिवशी मात्र मी चकित झालो. फारसं डोकं न लावता, अर्ध्या झोपेत, गाल काचेसारखा. कापसाचा एक तंतू अडकला नाही. चौथ्या दिवशी माझ्या गळ्याचा फोटो काढला असता तर तो तुझ्या फोटोशेजारी ठेवून कुणाचा कुठला ते ओळखू आलं नसतं.

हे का होतं ते नीट वाच, कारण तुझं उत्तर इथेच आहे. एकापुढे एक पाती असली की पहिलं पातं केस कापता कापता थोडा बाहेर ओढतं. तो मागे सरकण्याआधीच मागचं पातं त्याला आणखी खाली कापतं. मग तो आखडून कातडीच्या आत जातो. म्हणूनच हाताला काही लागत नाही. सरळ केसाला याचा त्रास नाही, तो आला तसा वर येतो. पण तुझ्या-माझ्या गळ्यावरचे केस वळणाचे. वर येताना त्यांचं टोक वाकडं होऊन आतल्या आत कातडीत रुततं, आणि अंग त्याला काटा समजून फोड आणतं. तू ‘अजून चांगला रेझर’ शोधत पात्यांची संख्या वाढवत गेलायस, आणि पुरळही त्या हिशेबाने वाढत गेलीय.

विजेचं मशीन शेजाऱ्याकडून एक दिवस मागून आणलं. गळ्याला कौतुकास्पद माया, कापसाने मात्र नापास केलं. तुला रोजच्यासाठी चालेल, तारामतीला नाही.

मग आबांची पेटी उघडली. तुला आबांचा रेझर आठवतो का? तीन भागांचा, फिरकीचा, वरचा मुलामा उडून पितळ दिसायला लागलेलं. आपण लहान असताना ते ओसरीवर बसून काचेच्या पेल्याच्या आतून ब्लेड घासायचे. तो चर्र आवाज मला अजून ऐकू येतो. तेव्हाची साध्या पोलादाची पाती आपल्या पावसात एका रात्रीत तांबायची, म्हणून खोबरेल तेलाच्या वाटीत बुडवून ठेवायचे. आताची स्टेनलेसची पाती ते दुखणं काढत नाहीत.

या रेझरची जन्मकथा मी मुलांना वर्गात सांगतो. किंग कँप जिलेट नावाच्या फिरत्या विक्रेत्याला वापरून टाकायच्या पातळ पात्याची कल्पना सुचली १८९५ च्या सुमारास. इतक्या पातळ पोलादाला धार येणारच नाही असं जाणकारांनी सांगितलं. निकर्सन नावाच्या यंत्रज्ञाने ती आणून दाखवेपर्यंत विसावं शतक उजाडलं, आणि १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, खपले ५१ रेझर आणि १६८ पाती. आपल्या पोसऱ्यावर चतुर्थीच्या आठवड्यात त्याहून जास्त खपत असतील. गंमत म्हणजे त्याच कंपनीने पुढे दोन, तीन, पाच अशी पाती वाढवत नेली आणि २०१० मध्ये भारतासाठी परत एका पात्याचा रेझर काढला, १५ रुपयांना, वरचं कार्ट्रिज ५ रुपयांना. बादलीभर पाणी आणि हातात धरायचा आरसा, एवढ्यावर दाढी करणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून.

आबांच्या रेझरने पहिल्या दिवशी मला तीन ठिकाणी कापलं. दोष माझा. फेकायच्या रेझरची सवय असलेला हात दाबतो, आणि याला दाबणं खपत नाही. याच्या डोक्याचं वजनच पुरेसं. दांडा गालापासून असा धरायचा की पातं कातडीला तीसेक अंशांवर टेकेल, आणि मग तो जाईल तसा जाऊ द्यायचा, बोटभर लांबीचे छोटे हात. आठवड्याने हात बसला. सुलटा हात, म्हणजे केस वाढतात त्या दिशेने, परत फेस, आडवा हात, परत फेस, आणि फक्त गालावर उलटा. कापसाने पाच पात्यांच्या बरोबरीचे गुण दिले, आणि गळा शांत! पातं एकच असल्यामुळे केस कातडीच्या पातळीला कापला जातो, आत बुडत नाही.

आता क्रीम. इथे तुला जरा रागावणार आहे. तू क्रीम बदलतोस, पाणी बदलत नाहीस. दाढीचा कोरडा केस फार चिवट असतो. त्याला दोन-तीन मिनिटं पाणी मिळालं की तो ते शोषून मऊ होतो आणि कापायला लागणारा जोर कितीतरी कमी होतो. ऊन पाण्याने हे लवकर होतं. क्रीम म्हणजे ते पाणी गालावर धरून ठेवणारं पांघरूण, आणि पात्याखाली घसरगुंडी. म्हणून आंघोळीनंतर दाढी कर, आधी नाही. तू उठल्या उठल्या, कोरड्या गालावर डब्यातला फोम थापून करतोस, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्या फोममध्ये हवाच जास्त. दिसायला ढग, आणि पातं फिरेपर्यंत कडेने सुकलेला.

मी चार प्रकार पाहिले. फोम, जेल, ट्यूबमधलं ब्रशचं क्रीम आणि गोदरेजचा तो जुना गोल साबण. गोल साबण कपाटाच्या तळाशी सापडला, आबांच्या वेळचा, वास उडालेला. तरी ब्रश फिरवल्यावर असा दाट, दह्यासारखा फेस आला की मी आरशात बघून आबांसारखा खाकरलो. जेल मला आवडलं, पण ते पात्यांच्या फटीत अडकतं. शेवटी ट्यूबमधल्या साध्या क्रीमवर स्थिरावलो. कंपनीचं नाव विचारू नको. साठ-सत्तर रुपयांच्या ट्यूबमध्ये आणि तिप्पट किमतीच्या ट्यूबमध्ये कापसाला काडीचा फरक कळला नाही, वास तेवढा वेगळा. फरक पडतो तो ब्रशने. ब्रश केसांच्या मुळाशी पाणी नेतो आणि झोपलेले केस उभे करतो. बोटांनी लावलेलं क्रीम नुसतं वर बसतं.

आणि तुझं ते टँकरचं, बोअरिंगचं पाणी! तुझ्याकडे राहायला आलो होतो तेव्हा अंगाचा साबणच फेसाळत नव्हता. जड पाण्यातला चुना साबणाला धरून त्याचा चोथा करतो. इथे आपल्या विहिरीच्या पाण्यात नखाएवढं क्रीम पुरतं. फेसापुरतं वाटीभर पिण्याचं आरओ मशीनचं पाणी घे, एवढ्यानेच तुझं निम्मं काम होईल.

दाढीनंतर काय लावावं यावर वाड्यात तीन मतं पडली. एका शहाण्याने सांगितलं, काजू फेणी चोळ, सगळे जंतू मरतात. चोळली. डोळ्यांतून पाणी आलं, आणि शाळेत हेडमास्तर दिवसभर माझ्यापासून दोन हात लांब उभे राहिले. त्यापेक्षा तुरटी बरी. ओल्या गालावरून खडा फिरवायचा, मिनिटभराने धुवायचं. रक्त थांबतंच, शिवाय जिथे झोंबतं तिथे आपला हात जड पडला हे कळतं. इतका खरं बोलणारा गुरू पाच रुपयांत दुसरा मिळत नाही.

हो, मिशी. वीस वर्षांची मिशी काढावी लागली. ओठावरचे केस दाट, नाकाखाली जागा चिंचोळी, आणि मनाची तयारी नाही. त्या दिवशी ही माझ्याकडे बघून काही बोलली नाही, नुसती पदर तोंडावर धरून आत गेली.

जत्रेच्या संध्याकाळी सगळं यथासांग केलं. आंघोळ, ऊन पाण्याचा पंचा, ब्रश, नवं पातं, तीन हात, तुरटी. धाकटीने कापूस फिरवला, शून्य. छाती फुगवून रंगायला बसलो. आमच्याकडचे एक जुने दशावतारी आले होते, सत्तरी ओलांडलेले, उमेदीची वर्षं स्त्रीपार्टात काढलेले. पेटाऱ्यावर बसून त्यांनी माझी हनुवटी दोन बोटांनी धरून कंदिलाकडे वळवली आणि म्हणाले, ‘मास्तर, केस वस्तऱ्यान जातत, सावळी जायना.’

खरंच होतं ते. कितीही घोटा, कातडीखालचं काळं मूळ राहतंच, आणि ती निळी झाक त्या मुळाची. महिनाभर मी जिच्यामागे लागलो होतो ती कापता येणारी वस्तूच नव्हती. त्यांनी हिची लिपस्टिक मागितली, नारिंगीकडे झुकणारी, माझ्या हनुवटीवर आणि ओठांवर चोळून पसरली, आणि त्यावर रंगाचा हात दिला. तांबड्या रंगाखाली निळं मेलं. आरशात तारामती होती. म्हणजे थोडी रुंद खांद्यांची, पण होती.

पहाटे साडेतीनला स्मशानाचा प्रवेश. घामाने रंग उतरायला लागला, मृदंगवाला डुलक्या काढत होता, आणि मी रोहिदासाला मांडीवर घेऊन रडत होतो. पुढच्या रांगेत आठवी ‘ब’ ची सगळी वानरसेना. सोमवारी वर्गात शिरलो तर एक पोर उभं राहून म्हणालं, ‘सर, आमची आजी रडली. तिला शेवटपर्यंत कळलंच नाही तुम्ही ते.’ मग जरा थांबून, ‘पण सर, मिशी केव्हा येणार?’

तर तुला सांगायचं ते एवढं. तुला तारामती करायची नाही. तुला मिटिंगला जायचंय, आणि तिथे तुझ्या गालावरून कुणी कापूस ओढणार नाही. आधी आठ दिवस दाढीच करू नको, पुरळ बसू दे. मग एका पात्याचा रेझर, सुलटा एक हात, फार तर आडवा, गळ्यावर उलटा कधीच नाही. गळ्यावर तुझ्या डाव्या बाजूला केसांचा भोवरा आहे, फोटोत दिसतोय. बोटाने चाचपून बघ कुठल्या दिशेला वाढतात, आणि तिकडेच जा. थोडे खुंट राहतील. राहू देत. महिनाभरात बरं वाटलं नाही तर मात्र खरंच डॉक्टरकडे जा.

नवा रेझर विकत घेऊ नको. तुझ्या बाबांचा असेल ना, माळ्यावरच्या ट्रंकेत? आईला विचार. नसला तर मी इथून एक धाडतो, पात्यांच्या दोन पाकिटांसकट. शिमग्याला येशील तेव्हा रेल्वेने ये. विमानात ही पाती हातातल्या बॅगेत चालत नाहीत आणि तू ती तिथेच ठेवणार. थिवीला उतरलास तर मी न्यायला येईन. फक्त त्याआधी माझा फोटो मागू नको. मिशी आता कुठे खुंटावर आली आहे, आणि सध्या मी कुठल्याच बाजूने चांगला दिसत नाही.

तुझाच,
भाई